गोव्याचा 1764 चा नकाशा भिंतीवर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

घरात अस्सल जुना नकाशा लावावा का असं खूप जण विचारतात, आता अख्खा पावसाळा त्याच्यासोबत काढलाय म्हणून लिहितेय. माझ्याकडे बेलँच्या 1764 च्या अ‍ॅटलासमधलं गोव्याचं पान आहे. बेलँ फ्रेंच नौदलाचा नकाशेकार, पॅरिसात बसून खलाशांच्या नोंदी आणि आधीचे नकाशे जुळवून काम करायचा.

खरं सांगू का, मजा बघण्यापेक्षा वाचण्यात आहे. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळंफुलं बांधून केलेली सजावट) बघायला आलेले दिवाडीचे काका आरती झाल्यावर नकाशासमोरच उभे, मांडवी नदीवरून बोट फिरवत आपलं बेट शोधत, आणि मग विषय निघाला की 1759 लाच पोर्तुगीज व्हाइसरॉय जुन्या गोव्याहून पणजीला आदिलशहाच्या वाड्यात राहायला आलेला, पण कागदोपत्री राजधानी हलली 1843 ला! फोटोफ्रेमसमोर अशा गप्पा होत नाहीत.

अस्सल ओळखायचा तर भिंग घ्या. छापाची रेघ सलग काळी हवी, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई समजा. उजेडासमोर धरला की कागदात समांतर रेघा दिसतात आणि कडेला बोटाला हलकासा खळगा लागतो, तो ज्या तांब्याच्या पत्र्यावर नकाशा कोरून छापला त्याचा दाब. मला तो खळगा फार आवडतो, बाकी काही नसतं तरी तेवढ्यासाठी घेतला असता.

आता पावसाळा. आपल्याकडे जूनमध्ये चपलांनासुद्धा बुरशी येते, कागदाचं काय घेऊन बसलात. पहिल्या फ्रेमवाल्याने मागे साधा पुठ्ठा आणि सेलोटेप मारून दिलेला, त्या पुठ्ठ्यातल्या अ‍ॅसिडने कागद पिवळा पडतो, म्हणून सगळं उघडून दुसरीकडे परत करून घेतलं, अ‍ॅसिड-फ्री माउंट (नकाशा बसवायचा पुठ्ठा), यूव्ही किरण अडवणारी काच, आणि काच कागदाला टेकणार नाही एवढी फट. पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा, उन्हापासून लांब. माझ्या नकाशावर आधीपासून तपकिरी ठिपके होते, ते वाढलेले नाहीत.

पुढे लिन्शोटेन या डच प्रवाशाचा नकाशा बघायचाय, तो 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपकडे सेक्रेटरी होता, त्याच्या नकाशात रस्ते नि घरंसुद्धा कोरलीत. पण मूळ प्रत परवडणारी नाही, त्याची चांगली प्रिंट घेईन.

रंगवलेला घेत असाल तर आधी उलटा करून बघा, जुना हिरवा तांब्यापासून केलेला असतो, तो कागद खातो आणि मागे तपकिरी उमटतो. हिरवा गडद आणि मागची बाजू कोरी असेल तर रंग बहुतेक नंतरचा, भाव त्याप्रमाणे करा.