पेंटबॉल की एअरसॉफ्ट : आठ महिने दोन्ही खेळल्यानंतरचा अनुभव

ऐरोलीत राहत असल्यामुळे ठाणे आणि नवी मुंबई मला सारखीच जवळ. गेल्या नोव्हेंबरपासून जूनअखेरपर्यंत घोडबंदर रस्त्यालगतच्या एका मोकळ्या मैदानावर पेंटबॉल आणि तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका बंदिस्त शेडमध्ये एअरसॉफ्ट, असे दोन्ही खेळ मी आलटूनपालटून खेळले. दोन्हींत बंदुकीसारख्या साधनाने प्रतिस्पर्ध्यावर नेम धरायचा आणि ज्याला गोळी लागेल तो बाद, म्हणून ही दोन नावे लोक एका दमात घेतात, पण खेळांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पेंटबॉलची गोळी 0.68 इंच व्यासाची आणि सुमारे 3 ग्रॅम वजनाची असते. जिलेटिनच्या पातळ कवचात पाण्याने धुतला जाणारा रंग भरलेला असतो. एअरसॉफ्टचा छर्रा प्लॅस्टिकचा, 6 मिलिमीटरचा, वजन बहुधा 0.20 ग्रॅम. सेकंदाला 280 फूट वेगाने सुटलेल्या रंगगोळीत जवळपास 11 ज्यूल ऊर्जा असते, तर 330 फूट वेगाच्या छर्‍यात फक्त 1 ज्यूल. यावरून पेंटबॉल दहापट लागतो असे मात्र नाही, कारण त्या गोळीचे अंगावर आदळणारे क्षेत्रही छर्‍याच्या आठपट आहे. माझ्या अनुभवात रंगगोळी ठोसा देते आणि छर्रा सुईसारखा टोचतो. न फुटता अंगावरून उसळलेली रंगगोळी सर्वांत वाईट. तशा एका गोळीचा हिरवट-पिवळा वळ माझ्या दंडावर आठवडाभर होता.

खरा फरक मला वाटतो तो पुराव्याचा. पेंटबॉलचे मार्कर (रंगगोळ्या झाडणार्‍या बंदुका) मुळात झाडांवर आणि गुरांवर दुरून खूण करण्यासाठी बनले होते; 27 जून 1981 रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये बारा जणांनी ते वापरून पहिला खेळ खेळला. खूण करणे हाच त्या साधनाचा धर्म असल्यामुळे वाद फारसा उरत नाही : अंगावर रंग फुटला की तुम्ही बाद. 1970च्या दशकात जपानमध्ये सुरू झालेल्या एअरसॉफ्टमध्ये छर्रा कोणतीही खूण ठेवत नाही, त्यामुळे ज्याला तो लागला त्यानेच हात वर करून ‘बाद’ म्हणायचे असते. फेब्रुवारीतील एका डावात कॉलेजातला एक मुलगा लोखंडी पिंपाआड एकटाच होता, छर्रा त्याच्या बुटाला लागल्याचे आम्हां कुणालाही दिसले नव्हते, तरी तो हात वर करून शांतपणे बाहेर चालत गेला. त्या क्षणी हा खेळ मला मनापासून आवडला. पुढच्याच महिन्यात चार छर्रे लागूनही खेळत राहणारा गट भेटला आणि संध्याकाळ वाया गेली. अशा वेळी मार्शल, म्हणजे खेळातला पंच, खमका नसेल, तर एअरसॉफ्टला अर्थ उरत नाही.

नेमबाजीत एअरसॉफ्ट सरस आहे. नळीतील ‘हॉप-अप’चे रबर छर्‍याला उलटी फिरकी देते, त्यामुळे हलका असूनही तो बराच वेळ सरळ जातो. मोकळ्यावर मात्र खाडीकडून येणारा वारा त्याला सहज ढकलतो, म्हणून बंदिस्त जागा बरी.

आपल्याकडील हवेचा फटका पेंटबॉलला अधिक बसतो. जिलेटिन दमट हवेत ओल शोषते. गोळ्या मऊ पडतात, फुगतात. जूनच्या दुसर्‍या आठवड्यात आम्हांला आधीच उघडलेल्या पाकिटातील गोळ्या देण्यात आल्या. तिसरीच गोळी नळीत फुटली, नळीच्या तोंडातून पिवळा रंग ठिबकू लागला आणि दांडीने नळी पुसेपर्यंत पुढची प्रत्येक गोळी भलतीकडे वळत होती. मैदानचालकांनी गोळ्या बदलून दिल्या नाहीत, याचे मला अजूनही वाईट वाटते. पावसाळ्यात पाकीट आपल्यासमोर उघडण्याचा आग्रह जरूर धरावा. न फुटलेल्या गोळ्या वेचण्याबाबतही मैदानाने काटेकोर असावे, कारण त्यांतील द्रव कुत्र्यांच्या पोटात गेल्यास घातक ठरू शकतो आणि घोडबंदरच्या त्या मैदानावर भटकी कुत्री नेहमी असतात.

खर्च पेंटबॉलचाच जास्त. प्रवेशशुल्कात मिळालेल्या 50 गोळ्या माझ्या पहिल्या डावात दहा मिनिटांत संपल्या. वर्षातून एकदोनदा कार्यालयातील मंडळींसोबत जायचे असेल, तर मी तरीही पेंटबॉलच सुचवीन. नव्या माणसाला नियम लगेच कळतात. दर आठवड्याला खेळून हात बसवायचा असेल, तर एअरसॉफ्ट.

मास्कबाबत मात्र दोन्हीकडे तडजोड नको. एप्रिलमध्ये घामाने काच धूसर झाल्यामुळे माझ्या भाच्याने डाव चालू असतानाच मास्क कपाळावर सरकवला. मार्शलने शिटी फुंकून डाव थांबवला आणि मला म्हणाला, “ताई, आधी त्याला बाहेर घ्या. काच पुसायची ती जाळीच्या पलीकडे.” त्यानंतर त्याच्यासाठी मी दुहेरी काचेचा, संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क स्वतः विकत घेतला. तुर्भ्याच्या शेडमध्येही तो तोच वापरतो.