सिफिलिसवर सुई की गोळ्या?

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाच्या रक्तात सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजारही निघाला, की आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पहिला प्रश्न हाच येतो: "सुई नको, गोळ्या द्या ना!"

माझं मत विचाराल तर सुईच घ्या. संसर्ग वर्षाच्या आतला असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिट, एकदाच. एचआयव्ही असला तरी मात्रा तीच. दुखतं, पहिल्या दिवशी ताप-कणकणही येऊ शकते. पण बोटीवर चढण्याआधी औषध पूर्ण होतं. संसर्ग जुना असेल तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ते सोपं जातं. एरवी तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, बोलून सुट्टी काढायचीच, उपचार पुढे ढकलायचे नाहीत.

गोळ्या म्हणजे डॉक्सिसायक्लिन, मुख्यतः पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी. 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 14 दिवस. जुन्या संसर्गात 28. एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या रोजच्या) गोळ्यांत ही आणखी भर. शिवाय या औषधाने उन्हात कातडी भाजते, आणि दर्यावर सावली कुठली? गरोदर बाईला तर पेनिसिलिनच हवं.

नजर धूसर झाली किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर या दोन्हींवर विसंबू नका. तेव्हा दाखल होऊन शिरेतून पेनिसिलिन घ्यावं लागतं.

व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, मात्र सुई असो वा गोळ्या, सारखीच: संसर्ग वर्षाच्या आतला असेल तर 3, 6, 9, 12 आणि 24 महिन्यांनी, जुना असेल तर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी. जोडीदारालाही सोबत आणा.