फोटो नवा केला पण टोकन पुसलं: सांगलीतल्या एका फोटो रिस्टोरेशनवाल्याचा अनुभव

आधी रेटिंग सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं लांबलचक वाचायचं नाही ते मोकळे. पहिल्या कामाला पाचपैकी दोन, दुसऱ्या कामाला साडेचार. दुकानाचं नाव देत नाही, कारण चूक झाली ती त्यांनी नंतर निस्तरली, आणि पोरगं हाताने चांगलं आहे, उगाच कशाला त्याच्या पोटावर पाय. गणपती पेठेच्या आसपास आहे एवढं बास. पार्किंग विचारू नका, गाडी लांब लावा आणि चालत या.

काम काय होतं तर आमच्या अण्णांचा एक फोटो. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८४, मूळ मिरजेचे, सगळी नोकरी रेल्वेत. फोटोत ते विशीतले, वाफेच्या इंजिनाच्या दारात एका हाताने दांडा धरून बाहेर झुकलेत, मागे पाणी दिसतंय आणि लांबवर एक बोट उभी आहे. गोव्यातला, वास्कोचा. हा फोटो लहानपणापासून आमच्या भिंतीवर. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या खालच्या खोलीत माझ्या गळ्यापर्यंत, आणि हा फोटो फ्रेमसकट चार-पाच दिवस बुडून राहिला. पाणी ओसरल्यावर चिखल पुसून बघितलं तर फोटो काचेला आतून चिकटलेला. मागच्या बाजूला आईने शाईने तारीख लिहिली होती ती धुऊन गेली.

इथे एक सांगते, काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढून काढू नका, फोटोचा वरचा थर काचेलाच राहतो आणि हातात नुसता पांढरा कागद येतो. आमच्या शेजारच्यांनी लग्नाचा फोटो असाच घालवला. या दुकानाला पहिला अर्धा मार्क इथेच दिला, पोराने काच बघितली आणि म्हणाला, ताई हात लावू नका, आहे तसाच काचेवरून स्कॅन करू. स्कॅनिंग झकास केलं त्याने, काचेची चमक कुठे नाही, ओरखडा न् ओरखडा दिसतोय. रेट पण ठीक, दुरुस्तीचे सहाशे, मोठ्या प्रिंटचे वेगळे, आणि कलर करून हवा असेल तर तीनशे जास्त. मी म्हटलं करा कलर. ही माझी चूक, मान्य.

आठ दिवसांनी फोटो मिळाला. पहिल्यांदा बघताना मला खरंच भारी वाटला हो. डाग गेले, चिरा गेल्या, अण्णांचा चेहरा तर असा की काल काढलाय. मी घरी नेऊन अण्णांच्या हातात दिला, चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अगं माझ्या हातातलं टोकन कुठंय?"

मला कळेचना. मग मोबाइलमधला जुना फोटो काढून मोठा करून बघितला, तर खरंच, दुसऱ्या हाताच्या कोपरापाशी एक बारीक गोल रेघ होती, मी आयुष्यभर ती चिरच समजत आले होते. दुकानातल्या सॉफ्टवेअरलाही चीरच वाटली आणि त्याने ती साफ पुसून तिथे शर्टाची बाही ओढून दिली. अण्णा म्हणे, "टोकन न घेता गाडी काढली असती तर त्याच दिवशी सस्पेंड झालो असतो, आणि तू ते भिंतीवर लावणार?"

तर आता टोकन म्हणजे काय ते सांगायला लागेल नाहीतर माझी तक्रार कुणाला कळायची नाही. तेव्हा मिरज ते वास्को सगळी मीटरगेज, एक मीटर रुंदीचे रूळ, आणि लाइन एकच, येणारी जाणारी गाडी त्याच रुळांवरून. मग दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी प्रत्येक स्टेशनात एक यंत्र असायचं, त्यात लोखंडी गोळे, गोळ्यावर त्या तुकड्याची नावं कोरलेली. इकडच्या मास्तरने घंटी मारून तिकडच्याला विचारायचं, तिकडून हो आलं की एक गोळा बाहेर निघायचा, आणि तो गोळा परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा दोन्हीकडे निघणारच नाही. म्हणजे गोळा ज्याच्याकडे, रस्ता त्याचा. हा गोळा कातडी पिशवीत घालायचा, पिशवीला वेताचं मोठं कडं, आणि गाडी थांबणार नसेल तर पॉइंटमन, म्हणजे स्टेशनातला रुळांचे काटे बदलणारा माणूस, ते कडं वर धरून उभा, फायरमनने, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्याने, चालत्या इंजिनातून खाली वाकून हात घालायचा आणि जुनं कडं तिथेच टाकायचं. अण्णा सांगतात की नवीन असताना दंडावर कायम काळानिळा वळ, आणि रात्री पावसात तर पॉइंटमनची मशाल दिसली की अंदाजानेच हात बाहेर. चुकलं तर गाडी थांबवून मागे पळत जायचं आणि वर ड्रायव्हरच्या शिव्या.

म्हणजे त्या फोटोत ते झुकलेत ते स्टाइल मारायला नाही, ते टोकन घेतल्यानंतरचं झुकणं आहे. कडं काढलं की माणूस नुसता बाहेर लोंबकळतोय असं दिसतं. पन्नास वर्षं भिंतीवर होता पण मला हे त्या दिवशी कळलं.

मग अण्णांनी बाकीचं पण तपासायला घेतलं, रिटायर झालेला माणूस आणि हातात भिंग, म्हणजे बघायलाच नको. इंजिन वायजी जातीचं, मालगाडीचं, त्याला एका बाजूला मोठी चाकं चार. नव्या फोटोत पाच. चिखलाच्या डागाखाली एक चाक अर्धं झाकलं होतं तर कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने भर घातली. इंजिन काळं होतं ते गडद हिरवं केलं. मागे सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, दोन पॅसेंजर डबे दिसतात ते निळे केले, कारण आपण सगळ्यांनी निळेच डबे बघितलेत, पण त्या काळात डबे लालसर मरून रंगाचे, निळे फार नंतर आले. आणि बोटीच्या धुराड्यातून निघणारा धूर डाग समजून आभाळ स्वच्छ करून टाकलं.

पण सगळ्यात वाईट वाटलं ते टेंडरवरच्या अक्षरांचं. टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशापाण्याचा डबा. मूळ फोटोत तिथे पुसट पुसट एस आणि सी अशी इंग्रजी अक्षरं वाचता येतात. नवीन फोटोत तिथे कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी गिचमिड. आता आईची तारीख पुरात गेली, तर फोटो कधीचा हे सांगणारी एवढी एकच गोष्ट उरली होती. अण्णा १९६३ ला रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले तेव्हा गोवा मुक्त होऊन दोन वर्षं पण झाली नव्हती आणि पोर्तुगीजांच्या काळातली ती लाइन नुकतीच सदर्न रेल्वेत आलेली. साउथ सेंट्रल रेल्वे, म्हणजे एस सी, झाली २ ऑक्टोबर १९६६ ला आणि हुबळी डिव्हिजन तिच्यात गेलं, तेव्हा इंजिनांवरची अक्षरं बदलली. म्हणजे फोटो त्याच्या नंतरचाच. आईचं आणि त्यांचं लग्न ६९ चं, आणि फोटोत हातात अंगठी नाही, म्हणून त्याच्या आधीचा. असा हिशोब अण्णांनी जेवताना ताटात बोटाने रेघा ओढत करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी जरा तणतणतच दुकानात गेले. मालक होता, तो आधी म्हणाला मॅडम एवढं कोण बघतंय. ह्या वाक्याला अर्धा मार्क कापलाय मी, नोंद घ्या. पण ते पोरगं, ज्याने काम केलं होतं, तो म्हणाला आजोबांना घेऊन या ना शनिवारी, मी शेजारी बसवून करतो.

आणि शनिवारी जे झालं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय खरं तर. अण्णांना रिक्षातून नेलं, त्याने स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सॉफ्टवेअरचं सगळं काम रद्द करून मूळ स्कॅनवर पहिल्यापासून सुरू केलं, हाताने, एकेक डाग विचारून. आजोबा हे काय? ते पाणी भरायचा नळ, इंजिनाचा. राहू दे. आजोबा हे? तो चिखल. पुसू? पूस. आणि हे? तो कोळशाचा ढीग रे बाबा, पुसतोस काय! दोन तास हेच. मधेमधे अण्णांची गाडी सुटायची ती पार घाटात. गोव्यातल्या कुळ्याहून वर कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंत चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, मागून ढकलायला बँकर इंजिन लावल्याशिवाय गाडी चढायची नाही आणि बोगद्यात धूर असा कोंडायचा की ओलं फडकं तोंडावर धरून खाली बसायचं. पण चढापेक्षा उतार वाईट म्हणे. होस्पेट बळ्ळारीकडचं लोखंडाचं खनिज मुरगाव बंदरात जपानला वगैरे जायला यायचं, ते भरलेले वाघिणीचे डबे ह्याच उतारावरून खाली आणायचे, आणि ब्रेक धरले नाहीत तर काय म्हणून मधे मधे कॅच साइडिंग, म्हणजे मुख्य लाइनीतून बाजूला डोंगरात चढणारे रूळ. काटे कायम त्या साइडिंगकडेच लावलेले. ड्रायव्हरने आधी गाडी पूर्ण थांबवायची, शिटी द्यायची, मगच काटा सरळ करणार. न थांबता आलास तर तू आपोआप डोंगरात. पोरगं माऊस सोडून ऐकत बसलं होतं. मालक पण काउंटरवरून येऊन उभा राहिला, आता बोला कोण बघतंय.

ह्याच घाटातल्या दूधसागर धबधब्यावर फोटो काढायला लोक आता मरायला जातात, अण्णांना विचारलं तर म्हणाले पावसाळ्यात धबधब्याचं पाणी इंजिनात उडायचं आणि आम्ही दरड आलीय का तेवढं बघायचो, बाकी काय बघणार.

वास्कोबद्दल मात्र ते हळू बोलतात. खाऱ्या वाऱ्याने सगळ्याला गंज, टिफिनच्या डब्याला पण. बंदरात बोट लागली की रात्रंदिवस शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे लावणं, झोप नाही. गोव्यातलं खनिज नदीतून बार्जवर यायचं आणि घाटावरचं रेल्वेने, दोघांची धूळ वेगळी, कपडे धुताना कळायचं म्हणे. सुट्टी मिळाली की रात्रीच्या गाडीने मिरज. ७१ ला पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं आणि मग मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांना मिरजेलाच उतरून मीटरगेजच्या गाडीत बसायला लागायचं, हातात ट्रंका घेऊन पळणारी माणसं मी लहानपणी बघितलीयत. पंढरपूरकडची नॅरोगेज धरली तर तिन्ही रुळांचं स्टेशन आपलं. ९० नंतर वास्कोकडे पण ब्रॉडगेज झालं, ९८ ला कोकण रेल्वे आली, मिरजेवरून कशाला कोण जाईल. हे सगळं मला माहीत होतं पण दुकानात परक्या पोराला सांगताना ऐकलं तेव्हा जास्त कळलं, घरी आम्ही ऐकतच नाही ना, अण्णा परत सुरू झाले म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो.

अडचण आली ती टोकनच्या कड्याची. स्कॅनमध्ये कड्याचा अर्धाच गोल शिल्लक होता, पिशवीवर तर डागच. पोराला कड्याचा आकार कळेना, अण्णांना चित्र काढता येईना, हात थरथरतो. शेवटी अण्णांनी इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यात एक जुनं बॅडमिंटनचं रॅकेट पडलं होतं, जाळी पूर्ण तुटलेलं. म्हणाले हे, असंच, फक्त दांड्याच्या जागी पिशवी आणि गोल अजून मोठा. मग ते रॅकेट कोपरात अडकवून ८४ वर्षांचे अण्णा दुकानाच्या दारात एका हाताने शटरची पट्टी धरून बाहेर झुकले, मी मागून धरलं होतं, आणि पोराने मोबाइलवर सात-आठ फोटो काढले, प्रकाश कुठून येतो ते बघत. रस्त्यावरची माणसं थांबली होती बघायला. त्यावरून त्याने कडं काढलं. बसलंय एकदम.

पैशाचं सांगते. दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे घेतले नाहीत, कलरचे तीनशे परत दिले, प्रिंटचे घेतले ते बरोबरच आहे. मूळ स्कॅनची फाइल मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा, पेनड्राइव्ह घेऊन जा, ती दुरुस्त केलेल्या फोटोपेक्षा महत्त्वाची आहे. प्रिंट मॅटच घ्या, ग्लॉसी नको. कलर करू नका म्हणजे नकाच, आणि डाग आहे का वस्तू आहे हे ज्याला माहीत आहे असं माणूस घरात अजून असेल तर त्याला सोबत न्या, रिक्षाचे पैसे वसूल होतात. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते.

परवा प्रिंट घ्यायला पण अण्णा आलेच. चार चाकं मोजली, धूर बघितला, एस सी वाचलं. पिशवीवर बोट ठेवून पोराला विचारलं, "कुठल्या सेक्शनचा गोळा घातलायस?"

पोरगं म्हणालं, "आत आहे आजोबा, बाहेरून कसा दिसेल?"

"बरोबर," म्हणाले, आणि प्रिंट काखेत मारून बाहेर पडले, पिशवी पण घेतली नाही.