केनियातली शाळा, पुण्यातलं खातं

पुणे, नाशिक, ठाण्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर केनियातल्या एका गरीब मुलांच्या शाळेसाठी देणगीचं आवाहन पुन्हा फिरायला लागलंय. त्याच शाळेच्या नावाने आमच्या घरातले दोन लाखांवर रुपये गेले. मी नैरोबीत राहते, एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. त्यामुळे पुण्यात बसून कोणाला तपासता आलं नसतं ते मला तपासता आलं. तक्रार पोलिसांत आहे, म्हणून पैसे गोळा करणाऱ्या गृहस्थाचं आणि टूर कंपनीचं नाव लिहीत नाही. ग्रुपवर सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, मीही तेच म्हणते.

'आफ्रिकेतला फ्रॉड' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यापुढे कुठल्या तरी राजपुत्राची कोट्यवधींची ईमेल येते. इथं तसलं काही नाही. पैसे मागणारा मराठी, खातं पुण्यातलं, पावती शुद्ध मराठीत. आणि केनियातल्या ज्या बाईंची शाळा दाखवून हे सगळं झालं, त्यांना आपल्या नावावर कोणी वर्गणी गोळा करतंय याचा पत्ताच नव्हता.

जुलै ते सप्टेंबर हा मसाई माराचा हंगाम. महाराष्ट्रातून टूर येतात, त्यातल्या बऱ्याच अंबोसेलीलाही जातात. त्यासाठी नैरोबीहून नामांगाच्या रस्त्याने दक्षिणेला जायचं. किटेंगेला, इसिन्या, मग काजियाडो. माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या ताई, अशाच एका टूरवर आल्या होत्या. इसिन्या सोडल्यावर गाडी डावीकडे कच्च्या रस्त्याला लागली आणि एका शाळेपाशी थांबली. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, इथं त्याला माबाती म्हणतात. मरून स्वेटर घातलेली मुलं, टाळ्या, गाणं. मुख्याध्यापिका चार शब्द बोलल्या आणि सरांनी त्याचं मराठी केलं. बाई पाहुण्यांचं स्वागत करून मक्याच्या पिठाच्या पोत्यांबद्दल आभार मानत होत्या, हे मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. सरांच्या मराठीत त्या 'पावसाळ्याआधी स्लॅब पडला नाही तर शाळा बंद पडेल' असं म्हणत होत्या. गाडीत परत बसेपर्यंत निम्म्या लोकांचे डोळे ओले होते.

शाळा आहे का, मुलं आहेत का, हे सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच पुढचं कोणी काही विचारलं नाही. एरवी ताई भाजीवाल्याकडून दोन रुपये परत घेतल्याशिवाय हलत नाहीत.

परतल्यावर ग्रुप तयार झाला आणि दरपत्रक आलं. बाकांचा एक संच अमुक रुपये, एका मुलाचं वर्षभराचं दुपारचं जेवण ११०० रुपये, आणि एक वर्गखोली सव्वा लाख, तिच्यावर तुमच्या माणसाच्या स्मरणार्थ पाटी. ताईंनी त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावाने खोली दिली. पुढे खिडक्या-दारं आणि 'शिक्षकांचा पगार' म्हणून वेगळे पैसे गेले. पाटीचा फोटो आला. देवनागरीत नाव, खाली तारीख, बाजूला चार पोरं उभी. तो फोटो आमच्या पुण्याच्या घरात फ्रेम करून लावला गेला.

ताईंनी मला सांगितलं, तू तिथेच आहेस तर एकदा जाऊन बाबांच्या पाटीला हार घालून ये. मी एका शनिवारी गेले. शाळा सापडली, मुख्याध्यापिकाही भेटल्या. पाटी नव्हती. ऑफिसच्या दाराशेजारी दगडी बांधकामाचा एक छोटा भाग आहे, सगळ्या शाळेत तेवढीच पक्की भिंत. त्या भिंतीवर स्क्रूची भोकं होती, आणि ती चार नव्हती, कितीतरी होती. बाईंनी अगदी सहज सांगितलं, ते गृहस्थ गाडीतून पाटी घेऊन येतात, लावतात, मुलांना उभं करून फोटो काढतात आणि पाटी काढून घेऊन जातात. त्यांना वाटायचं की ही आमच्याकडची काहीतरी श्रद्धांजलीची पद्धत असेल. पाटीवरची लिपी त्यांना वाचता येत नव्हती, त्यामुळे दर वेळी नाव वेगळं असतं हेही त्यांच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

बाईंच्या हातात आजवर पडलं ते पिठाची पोती, वह्या, जुने कपडे. रोख काही नाही. उलट त्यांचं नुकसान झालं. गाड्या भरभरून पाहुणे येताना बघून आसपासच्या पालकांनी गृहीत धरलं की शाळेचा खर्च आता 'वाहिंदी', म्हणजे आपण भारतीय, करतात. मग आपण फी कशाला द्यायची? केनियात सरकारी प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण सरकारी शाळा लांब असेल किंवा वर्ग तुडुंब असेल तर लोक अशा वस्तीवरच्या खासगी शाळेत मुलं घालतात आणि महिन्याला थोडी फी देतात. त्या फीवरच शिक्षकांचे पगार होतात. फी थकली, एक शिक्षिका सोडून गेली. म्हणजे आमच्या देणग्यांनी त्या शाळेचा पगार केला नाहीच, होता तोही बुडवला. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे, सव्वा लाखाचा त्यानंतर.

कागदपत्रं होती, चांगली रंगीत होती. एक प्रमाणपत्र केनियाच्या राजचिन्हासकट. ते नीट वाचलं तर ते शाळेचं नव्हतं. स्थानिक गट म्हणून नोंदणी केल्याचं ते प्रमाणपत्र होतं, आपल्याकडे बचत गटाची नोंद असते तशातलं. शाळेची नोंदणी ही वेगळी गोष्ट. ती २०१३ च्या शिक्षण कायद्याखाली काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शिक्षण मंडळाकडे होते, आणि त्याचा कागद वेगळा दिसतो. देणगीवर चालणाऱ्या संस्थांसाठी तर १४ मे २०२४ पासून नवा कायदा आणि नवं प्राधिकरण आलंय. जुन्या एनजीओ बोर्डाचं काम आता तिकडे आहे. ग्रुपवर यातलं काहीच कधी दाखवलं गेलं नाही, आणि दाखवलं असतं तरी पुण्यातल्या माणसाला फरक कळायचं कारण नव्हतं.

जमिनीचा कागद म्हणून जो फोटो होता तो विक्रीचा करार होता, मालकीपत्र नव्हे. काजियाडोत जमिनीचे व्यवहार हा जपून करायचा विषय आहे. मसाई लोकांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पडत गेले, पन्नास बाय शंभर फुटांचे प्लॉट झाले आणि एकच प्लॉट अनेकांना विकण्याचे प्रकार वाढले. शिवाय शेतजमिनीचा व्यवहार तिथल्या लँड कंट्रोल बोर्डाच्या संमतीशिवाय कायद्याने टिकत नाही. आणि २०१० च्या राज्यघटनेच्या कलम ६५ प्रमाणे परदेशी माणसाला केनियात जमीन फक्त भाडेपट्ट्याने, जास्तीत जास्त ९९ वर्षांसाठी, घेता येते. तेव्हा 'आपल्या ट्रस्टने दोन एकर कायमची विकत घेतली' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायला हवं. मी करारातल्या क्रमांकाचा अधिकृत शोध मागवला. इथं ती सोय सर्वांना आहे, फी भरली की मिळते. जमीन एका खासगी माणसाच्या नावावर निघाली, विक्रीची नोंदच नाही. शाळा ज्या जागेवर उभी आहे ती तर तिसरीच, बाईंच्या सासरची.

फोटोंबद्दल एक गोष्ट देणगीदारांपैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. 'दिवाळीनिमित्त वर्गात लाडूवाटप' असे फोटो नोव्हेंबरच्या मध्यावर आले होते. केनियात शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबर ही मोठी सुट्टी असते. वर्ग रिकामे असतात, परीक्षेची मुलं असली तर असली. मोठे करून पाहिल्यावर काही मुलांचे स्वेटर हिरवे दिसले. इथं शाळेशाळेचा स्वेटरचा रंग ठरलेला असतो.

जेवणाचा हिशेब तर माझ्या धंद्यातला. ११०० रुपयांचे साधारण साडेसोळाशे शिलिंग होतात. शाळेचे दिवस वर्षात १८० धरा. दिवसाला नऊ शिलिंग. एवढ्यात मका-घेवड्याची गिथेरी, सरपण आणि स्वयंपाकीण होत नाही. नैरोबीत काउंटीच्या योजनेत मुलाला ५ शिलिंगांत जेवण मिळतं हे खरं, पण बाकीचा खर्च काउंटी आणि संस्था उचलतात. आकडा गोड आहे म्हणून तो खरा वाटतो, एवढंच.

आता पुण्याची बाजू. पैसे सरांच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले गेले. कारण काय दिलं, तर 'परदेशात पैसे पाठवणं सामान्य माणसाला जमत नाही, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते.' हे खोटं आहे. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते आणि त्यात देणगी बसते. बँकेत एक फॉर्म भरायचा, पैसे थेट संस्थेच्या खात्यावर जातात आणि बँक स्विफ्टची प्रत, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याचा पुरावा, देते. आमच्या प्रकरणात अशी एकही प्रत निघाली नाही. रुपयातली पावती पुण्यात, शिलिंगमधली सिमेंटची बिलं काजियाडोत, आणि या दोघांना जोडणारा कागद कुठेच नाही. बिलं तर कोणत्याही बांधकामाची असू शकतात.

पावतीवर ८०जी चा, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणाऱ्या कलमाचा, क्रमांक होता. तो दुसऱ्याच एका ट्रस्टचा निघाला. खऱ्या ८०जी देणगीची माहिती संस्था आयकर खात्याला कळवते आणि तिथूनच निघालेलं १०बीई नावाचं प्रमाणपत्र देणगीदाराला मिळतं. नुसत्या छापील पावतीवर वजावट मिळत नाही. पण बहुतेकांनी नवी करप्रणाली घेतलेली, तिथे ८०जी चा उपयोगच नाही, म्हणून पावती कोणी उलटून पाहिली नाही. शिवाय भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने परदेशात खर्च केला तर त्या रकमेवरची करमाफी सहजासहजी मिळत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. 'आफ्रिकेतल्या शाळेला द्या आणि ८०जी मिळवा' असं कोणी म्हणालं तर ती मंजुरी मागा. आणि गल्लीतल्या गणपती मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-सी ची परवानगी काढावी लागते. मग स्वतःच्या खात्यावर लाखो रुपये गोळा करणाऱ्या माणसाला ती नको?

कोणाला खरंच इकडच्या शाळेला मदत करायची असेल तर माझं मत विचाराल तर खोली बांधायला पैसे देऊच नका, निदान पहिल्या वर्षी नको. खोलीचा फोटो निघतो, पाटी लागते, म्हणून मागणारे खोलीच मागतात. शाळा चालते ती दर महिन्याच्या पगारावर. शिक्षकांच्या पगाराची तीन महिन्यांची यादी मागा, सोबत प्रत्येकाचा शिक्षक सेवा आयोगाचा नोंदणी क्रमांक. शाळेचा शिक्षण खात्याच्या प्रणालीतला कोड मागा. पैसे एम-पेसाने (मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सेवा) द्यायचे असतील तर शाळेच्या पेबिल क्रमांकावर (संस्थेच्या नावाचं खातं) द्या, म्हणजे मेसेजमध्ये संस्थेचं नाव येतं. कोणाच्या मोबाइल नंबरवर नको. आणि गावाने काय घातलंय ते विचारा. इथल्या कितीतरी शाळा हरांबे पद्धतीने, लोकांनी वर्गणी आणि श्रम देऊन उभ्या राहिल्या. केनियाच्या राजचिन्हावरही तोच शब्द आहे. ज्या शाळेत गावाची एक वीट नाही आणि सगळं पुण्याहून येतंय, तिथं काहीतरी बिघडलेलं आहे असं मी तरी समजते.

ताईंनी आता बाईंशी थेट बोलणं सुरू केलंय, माझ्यामार्फत. सोडून गेलेल्या शिक्षिकेचा पगार एका सत्रापुरता द्यायचा असं ठरतंय. पाटी नको म्हणाल्या.

चौकीत पहिला प्रश्न हाच आला की तुम्ही स्वखुशीने देणगी दिलीत, मग फसवणूक कसली? म्हणून फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि विश्वासघातासाठी ३१६, दोन्हींचा उल्लेख लेखी अर्जात केला, आणि खोटी पाटी, दुसऱ्याचा ८०जी क्रमांक, नोव्हेंबरचे फोटो असं सगळं जोडलं. एकट्याच्या अर्जाला वजन येत नाही. ज्यांनी या शाळेसाठी पैसे दिलेत त्यांच्याकडेही पाटीचा फोटो असेल. तो उघडा आणि मागची भिंत बघा: उजवीकडे तुटलेली जाळी असलेली खिडकी आणि तिच्याखाली तिरकी भेग. तीच भिंत असेल तर फोटो पुढे न पाठवता मूळ फाइल तशीच जपा, यूपीआयच्या व्यवहाराचे क्रमांक बँकेच्या उताऱ्यासकट काढून ठेवा, ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळं चॅट एक्स्पोर्ट करा. नव्या आवाहनाला नुकतेच पैसे दिले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. नव्या मेसेजात शाळेच्या खोलीऐवजी बोअरवेल आहे आणि खातं दुसऱ्या नावाचं आहे, बाकी पहिला परिच्छेद शब्दशः तोच.