झिफ-८ कसं बनवायचं: डीएमएफ, पाणी की बॉल मिल?

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल एमओएफसाठी, म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्यांसाठी, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं, तेव्हापासून गोव्यात आमच्या ताळगावच्या पठारावर एम.एस्सी.ची मुलं विचारतात, ‘सर, एमओएफ करायचंय, पद्धत कुठली घेऊ?’ झिफ-८ हे झिंकचं एमओएफ डीएमएफ (एक सेंद्रिय द्रावक), पाणी आणि बॉल मिल (गोळ्यांनी दळणारं यंत्र) या तिन्ही वाटांनी बनतं, म्हणून त्यावरच बोलतो.

डीएमएफची वाट जुनी: बंद भांडं, १४० अंश, दिवसभर. सिंगल क्रिस्टल (एकसंध मोठा स्फटिक) हवा असेल तर हीच घ्या. पण डीएमएफ गर्भातल्या बाळाला घातक ठरू शकतं. शिवाय ते १५३ अंशांना उकळतं, त्यामुळे छिद्रांतून सहज निघत नाही. मिथेनॉलने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. तापवल्यावर त्यातून डायमिथाइलअमाइन सुटतं. ऑटोक्लेव्ह (ते बंद भांडं) उघडताच मासळीसारखा वास येतो, तो त्याचाच. फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) भांडं उघडूच नका.

पाण्यात तेच झिफ-८ खोलीच्या तापमानाला पाच मिनिटांत दुधासारखं पांढरं होऊन येतं. पाहताना फार आनंद होतो. तरी पाककृती नीट वाचा. २०११ च्या प्रसिद्ध कृतीत एका झिंकमागे लिंकरचे, म्हणजे झिंकला झिंक जोडणाऱ्या मेथिलइमिडाझोलचे, ७० रेणू आहेत आणि जाळीला लागतात फक्त दोन. उरलेले ६८ कुठे जातात? गाळलेल्या पाण्यात. ते पाणी सिंकमध्ये ओतलं तर ‘हरित’ हा शब्द तुमच्या प्रबंधात शोभणार नाही. गाळ वेगळा केल्यावर ते पाणी साठवा, पुढच्या खेपेला वापरा. लिंकर परत मिळवणं हाच चांगला प्रोजेक्ट होईल.

बॉल मिलमध्ये झिंक ऑक्साइड आणि लिंकर, सोबत द्रावकाचे काही थेंब आणि चिमूटभर अमोनियम मीठ. बाहेर पडतं ते फक्त पाणी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झिंक नायट्रेट (आधीच्या दोन वाटांतलं झिंकचं मीठ) काट्यावरच ओलं होतं आणि वजन चुकतं. ऑक्साइडला ती कटकट नाही. भुकटी मात्र बारीक येते, सिंगल क्रिस्टल मिळत नाही. धुणंही प्रत्येक वेळी टळत नाही: कॉपर ॲसिटेटपासून एचकेयूएसटी-१ हे तांब्याचं एमओएफ दळलं, तर ॲसेटिक ॲसिड छिद्रांत अडकतं आणि इथेनॉलने काढावं लागतं.

भुकटी चालणार असेल आणि मिल हाताशी असेल, तर मी दळायलाच सांगेन. मिल नसेल तर पाणी घ्या. कुठलीही वाट धरा, पण धुण्याला लागलेलं द्रावक मिलिलिटरमध्ये वहीत लिहा. अभिक्रियेपेक्षा तिथेच जास्त खर्च होतं.