आरामात सायकल चालवायला कुठे जावं: डॅन्यूब, नेदरलँड्स, लुआर की शिमानामी?

दुपारचे तीन वाजलेत, पाय भरून आलेत, मुक्काम अजून पंचवीस किलोमीटर लांब आहे आणि आभाळ दाटून आलंय. अशा वेळी सायकलसकट ट्रेनमध्ये किंवा बोटीत चढून सरळ मुक्कामी जाता येईल का? परदेशातल्या सायकल सुट्टीचं ठिकाण निवडताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारते. बघण्यासारखं चारही ठिकाणी भरपूर आहे. ‘आज बास’ म्हणायची सोय मात्र सगळीकडे सारखी नाही, आणि ती नसली की रोजचं अंतर सकाळपासूनच डोक्यावर बसतं.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत डॅन्यूब नदीकाठच्या मार्गाला. जर्मनीतलं पासाउ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना हा टप्पा साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा, सहा-सात दिवसांत निवांत होतो. पासाउ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आणि व्हिएन्ना त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. एवढ्या अंतरात एवढाच उतार, त्यामुळे तो पायांना जाणवत नाही. चढ लागत नाही एवढं मात्र पहिल्याच दिवशी लक्षात येतं. वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर. हा मार्ग उलट दिशेने करणारे फार कमी भेटतात, त्याचं कारण हेच. सामान एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पोचवणाऱ्या कंपन्याही इथे भरपूर आहेत. कॅरिअरवर फक्त पाणी आणि रेनकोट ठेवून निघता येतं.

याच मार्गावरचा मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा पट्टा जेमतेम ३५ किलोमीटरचा, पण त्याला अख्खा दिवस द्या. उत्तर काठावर द्राक्षमळे आणि जुनी गावं, दक्षिण काठावर वर्दळ कमी. काठ बदलायचा असेल तर श्पिट्झला नावेत चढायचं. या नावेला इंजिन नाही. नदीवर आडवा ताणलेला जाड दोर, नाव त्याला अडकवलेली; नावाडी ती प्रवाहाला जरा तिरकी करतो आणि पाण्याचा जोरच तिला पलीकडे नेतो. सायकलला टेकून उभं राहायचं आणि ती शांतता ऐकायची. त्या पाच मिनिटांसाठी मी पुन्हा तिथे जाईन. पुढे ड्युर्नश्टाइनला डोंगरावर पडका किल्ला दिसतो. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात तिथे कैदेत होता.

उणी बाजूही सांगते. तुल्नजवळच्या सपाटीवरचे बांध लांबलचक, सरळ आणि कंटाळवाणे आहेत. दिवस कमी असतील तर तेवढा तुकडा ट्रेनने गाळा, काही बिघडत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलचं वेगळं आरक्षण लागतं, ते आधीच करून ठेवा. आणि वाट पाण्याला लागून आहे, तेव्हा पुराच्या बातम्यांवर लक्ष असू द्या. जून २०१३ मध्ये पासाउत महापूर आला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातला तुल्नजवळचा भाग पाण्याखाली गेला.

नेदरलँड्सची मजा वेगळी. तिथे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची गरजच नाही. एका गावात खोली घ्यायची आणि रोज वेगळ्या दिशेला निघायचं. सायकलमार्गांच्या प्रत्येक फाट्याला नंबर असतो. ही पद्धत १९९५ साली शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात सुरू झाली आणि मग डच लोकांनी देशभर उचलली. सकाळी चिठ्ठीवर ३६, ४१, १२, ७ असे आकडे लिहून हँडलला चिकटवले की दिवसभर फोन खिशातच राहतो. दमलात तर पुढच्याच फाट्यावरून परत फिरा.

देश सपाट आहे म्हणून सोपा, असं मात्र समजू नका. समुद्राकडून येणारा वारा उघड्या माळावर समोरून लागला की तो चढापेक्षा वाईट, कारण चढ कधीतरी संपतो. यावर उपाय एकच: सकाळी वाऱ्याची दिशा बघायची, तो जिकडून येतोय तिकडे सायकल घेऊन ट्रेनने जायचं आणि वारा पाठीवर घेत परत यायचं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा ट्रेनमध्ये सायकल चढवू देत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. आणखी एक: भाड्याच्या साध्या सायकलींना अनेकदा हँडलवर ब्रेक नसतो, पेडल उलटं मारलं की चाक थांबतं. सिग्नलला उभं असताना पेडल मागे फिरवून वर आणायची सवय असेल तर पहिला दिवस गोंधळाचा जातो. सायकल घेतानाच विचारून घ्या.

फ्रान्समधला लुआर नदीकाठचा मार्ग एकूण ९०० किलोमीटरचा आहे, पण आरामासाठी ब्लुआ ते तूर एवढाच घ्या. शामबोर आणि शनॉन्सोचे राजवाडे, ऑम्बोआझमधलं लिओनार्दो दा विंचीचं शेवटचं घर, सगळं त्या टापूत येतं. ज्यांना दोन तास सायकल आणि चार तास भटकंती हवी त्यांच्यासाठी हे ठिकाण. नदीबरोबर समुद्राकडे जाताना वारा बहुतेक वेळा तोंडावर येतो, म्हणून रोजचे टप्पे चाळीसच्या आत ठेवा. उन्हाळ्यात सायकलींना जादा जागा असलेल्या ट्रेनही धावतात.

जपानची शिमानामी काइदो सगळ्यात देखणी आणि सगळ्यात छोटी. ओनोमिची ते इमाबारी सुमारे ७० किलोमीटर, सहा बेटं, समुद्रावरचे पूल आणि चुकू नये म्हणून रस्त्याच्या कडेने रंगवलेली निळी रेघ. पूल उंचावर असल्याने प्रत्येक पुलाआधी चढ आहे, पण सायकलींसाठी वेगळा, वळणं घेत जाणारा आणि साधारण तीन टक्क्यांचाच. हलक्या गिअरवर गप्पा मारत चढता येतो. शेवटचा कुरुशिमा पूल जवळपास चार किलोमीटर लांब; खाली सामुद्रधुनीचं पाणी भोवरे घेत वाहतं. बेटांवर रेल्वे नाही, मात्र सेतोदाहून ओनोमिचीला परतणाऱ्या बोटीत सायकल नेता येते आणि भाड्याची साधी सायकल वाटेतल्या केंद्रावरही जमा करता येते. स्वतःची सायकल नेणार असाल तर ट्रेनमध्ये ती सुटी करून पिशवीत भरावी लागते, म्हणून तिथे भाड्याचीच बरी. दोन दिवसांत होणाऱ्या या मार्गासाठी एवढ्या लांब जायचं तर तो जपानच्या मोठ्या सहलीत बसवावा.

जोडीतला एक जण सराईत आणि दुसरा नवखा असेल तर नवख्यासाठी डॅन्यूबवर ई-बाईक आधी बुक करा. बुक करताना दोघांचीही उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. चुकीच्या मापाच्या सायकलवर तिसऱ्या दिवशी गुडघा धरला, की पाठीवरचा वाराही उपयोगाचा नाही. मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. जपानसाठी सप्टेंबर वादळांचा, तिथे ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात जा.