रात्री उडणाऱ्या पक्ष्यांचे आवाज टिपताना: ऑडिओमॉथ आणि बर्डनेट, काही महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव दोन गोष्टींचा मिळून आहे, कारण एकीवाचून दुसरीचा मला उपयोग नाही. रेकॉर्डिंगला ऑडिओमॉथ आणि त्या फायली तपासायला बर्डनेट अ‍ॅनालायझर. काम एकच: रात्री डोक्यावरून जाणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांचे उडतानाचे आवाज पकडायचे. निकाल आधीच सांगून टाकते. दोन्ही ठेवण्यासारखी आहेत, पण सॉफ्टवेअरने दिलेली यादी डोळे झाकून कुठेही नोंदवू नका.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: बहुतेक लहान पक्षी स्थलांतराचा प्रवास रात्री करतात आणि त्यांतले बरेच जण उडताना अगदी छोटासा आवाज काढतात. त्यांच्या दिवसाच्या गाण्याशी या आवाजाचं काही देणंघेणं नसतं. १८९६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मॅडिसनजवळच्या एका टेकडीवर ओरिन लिबी यांनी एका रात्री पाच तासांत नुसत्या कानांनी ३,८०० आवाज मोजले होते. आपण तेच काम झोपेत असताना यंत्राकडून करून घेतो, एवढाच फरक.

ऑडिओमॉथ म्हणजे क्रेडिट कार्डाएवढी एक पट्टी. तीन एए सेल, एक मायक्रोएसडी कार्ड, पडदा नाही, आवाजाची कळ नाही. संगणकाला जोडून वेळापत्रक भरायचं आणि विसरून जायचं, हे मला फार आवडलं. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ८ ते ३८४ किलोहर्ट्झपर्यंत मिळतो. वरचे आकडे वटवाघळांसाठी. पक्ष्यांचे रात्रीचे आवाज साधारण १० किलोहर्ट्झच्या आतच असतात, त्यामुळे मी ३२ वर स्थिरावले आहे. दहा तासांच्या रात्रीला सव्वादोन जीबीच्या आसपास जागा लागते. ४८ वर तीच साडेतीन जीबीकडे जाते. घड्याळ मात्र सांभाळा. सेल काढले की वेळ जाते, संगणकाला जोडून पुन्हा भरावी लागते. फायलीच्या नावात तारीख-वेळ असते, ती जागतिक वेळेनुसार हवी की स्थानिक, हे एकदाच ठरवून टाका. नाहीतर मध्यरात्रीनंतरच्या नोंदी भलत्याच दिवसाच्या नावावर चढतात.

पट्टीवरच्या माइकची सळसळ हीच त्याची खरी मर्यादा. आवाज दुप्पट अंतरावरून आला की सहा डेसिबलने उतरतो, शिवाय उंच पट्टीचे आवाज हवा वाटेत आणखी शोषून घेते. उंचावरून जाणाऱ्या पक्ष्याचं जे काही खाली पोचतं ते या सळसळीत बुडून जातं. नव्या आवृत्त्यांना बाहेरचा माइक जोडता येतो. प्रिमो कंपनीच्या ईएम२७२ या माइक कॅप्सूलची स्वतःची सळसळ १४ डेसिबलच्या घरात आहे आणि फरक स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर (आडवी वेळ, उभी पट्टी), लगेच दिसतो: मागची करडी झाक निवळते आणि आधी नव्हत्याच अशा पुसट रेघा वर येतात. खर्च करायचाच असेल तर इथे करा.

त्याहून मोठा फरक जागेने पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. माइक आभाळाकडे तोंड करून, पानांपासून लांब, शक्य तितका उंच. रात्रीच्या या आवाजांचे अमेरिकी अभ्यासक बिल एव्हान्स यांनी लोकप्रिय केलेली कुंडीची युक्ती आजही उत्तम चालते: खोल कुंडीत तळाशी माइक, वर पातळ प्लास्टिक ताणून बसवलेलं. कडेचे आवाज कुंडीच्या भिंती अडवतात, वरचे आत येतात. पावसात मात्र त्या प्लास्टिकचा ताशा होतो, ती रात्र सोडून द्यायची. रेकॉर्डरसाठी मी वेगळी घेतलेली ‘जलरोधक’ डबी पहिल्याच सरीत घामाघूम झाली. आता आत सिलिका जेलची पुडी आणि झाकणाला जाडसर रबर.

आता बर्डनेट. कॉर्नेल विद्यापीठ आणि जर्मनीतलं केम्नित्स तांत्रिक विद्यापीठ यांचं हे काम आहे, ते फुकट आहे आणि हजारो जाती ओळखतं. ते आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याला जातीचं नाव व खात्रीचा आकडा देतं. गोम इथेच आहे. उडतानाचा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाही छोटा असू शकतो, मग उरलेल्या तुकड्यात रातकिडेच. तो नेमका दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडला तर आणखी पंचाईत, म्हणून ओव्हरलॅप, म्हणजे लागोपाठच्या तुकड्यांचा एकमेकांवर चढणारा भाग, वाढवून चालवा. वेळ जास्त लागतो, पण निसटणं कमी होतं.

खात्रीचा आकडा ही टक्केवारी नाही. ०.९ म्हणजे दहांतल्या नऊ वेळा बरोबर, असा अर्थ काढू नका. तुतवारसारख्या स्पष्ट शिट्ट्यांच्या पक्ष्याला कमी आकडाही चालून जातो आणि एकसुरी बारीक ‘त्सी’ला मोठा आकडाही पुरत नाही. ठिकाण आणि आठवडा भरला की ते संभाव्य जातींची यादी आखडती घेतं. दिवसाच्या कामाला हे छान. पण रात्री वरून नुसता निघून जाणारा पक्षी त्या भागात कोणी कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे नेमका तोच यादीतून गळू शकतो. मी दोनदा चालवते, एकदा गाळणी लावून आणि एकदा काढून.

मग बसायचं ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरसमोर. बर्डनेट ऑडॅसिटीची लेबलं काढून देतं, ती उघडली की थेट त्या जागी उडी मारता येते. तिरचिमणीची हाक तिरपी, खरखरीत कडांची, एक बोटभर रेघ दिसते. रातकिड्यांचे आडवे पट्टे तासन्‌तास हलत नाहीत. पावसाचा थेंब म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत उभी चीर. माझी एक कसोटी आहे: तोच आवाज काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा येतो का, आणि पुसट, ठळक, पुन्हा पुसट असा जातो का? गेला तर कोणीतरी वरून उडत गेलं आहे. जागच्या जागी तितकाच ठळक राहिला, तर तो बसलेला पक्षी, किडा किंवा करकरणारं फाटक.

अमेरिकेत असाल तर नाइटहॉक हे दुसरं ओळखणारं सॉफ्टवेअर नक्की बघा. ते खास याच आवाजांवर शिकवलेलं आहे, त्यामुळे तिथल्या पक्ष्यांसाठी उजवं. अन्यत्र त्याने दिलेल्या नावांवर विसंबू नका. नुसतं ‘इथे काहीतरी आहे’ एवढ्यापुरतं वापरता येईल.

आकड्यांबद्दल एक इशारा. शंभर आवाज म्हणजे शंभर पक्षी नव्हेत. एकच रात बगळा ‘क्वॉक क्वॉक’ करत तीन वेळा घिरट्या घालून जातो, आणि माशीमार कुळातले कित्येक पक्षी रात्री जवळजवळ मुकेच जातात. प्रखर दिवे आणि खाली उतरलेले ढग असतील तर आवाज वाढतात, कारण पक्षी प्रकाशात घुटमळतात. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यूट इन लाइट’ या प्रकाशझोतांवरच्या २०१७ सालच्या अभ्यासात हे दिसलं: झोत चालू असताना पक्षी गोळा होऊन घिरट्या घालत आणि जास्त ओरडत, बंद केले की पांगत. तेव्हा दिव्यांजवळच्या गच्चीवरची रात्र आणि अंधाऱ्या माळावरची रात्र एका तक्त्यात घालू नका.

साठवणुकीचं माझं गणित सरळ आहे. खात्री पटलेला प्रत्येक आवाज आगेमागे काही सेकंद ठेवून कापून घेते, नावात वेळ तशीच राखते. पूर्ण रात्रींपैकी फक्त भरगच्च रात्री ठेवते. बाकीच्या पुसते, विशेषतः शेजाऱ्यांच्या गप्पा आलेल्या. शेजाऱ्यांना गच्चीवर माइक आहे हे आधीच सांगून ठेवलं आहे, तुम्हीही सांगा.